मशीनला हात लावायचा नाही

बाटलीच्या अंगावर, साच्याचे दोन भाग जिथे मिटतात तिथे, प्लॅस्टिकची एक बारीक रेघ उठलेली होती आणि त्याचा अंगठा मघापासून तिच्यावरून वरखाली फिरत होता – बाटली अजून कोमट, रिकामी, हातात असून नसल्यासारखी… हलकी आहे, काट्यावर ठेवायच्या आधीच त्याला कळलं. त्याने ती काट्यावर ठेवली. मग तिच्यामागून पडलेल्या चार ठेवल्या, पाचांची सरासरी काढली आणि भिंतीवरच्या आलेखावर ठिपका दिला. ठिपका खालच्या लाल रेषेच्या उंबरठ्यावर बसला. आत, पण उंबरठ्यावर.

मागे पैलवान उभा होता. हा मशीनचा ऑपरेटर. फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून पैलवान. त्याचा उजवा हात बाटलीची जाडी कमीजास्त करायच्या बटणाकडे निघालाच होता.

"हात," तो म्हणाला.

पैलवानाने हात खिशात घातला. "त्यालाच सांगा. मी नव्हतं पाठवलं त्याला."

आजची पूर्ण पाळी बटणाला कुणी शिवायचं नाही, असं ठरलं होतं. ठरलं कसलं – त्याने हट्टाने ठरवून घेतलं होतं, मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर बसून, चहा गार होईपर्यंत. इतकी वर्षं या खात्यात एकच रीत: बाटली हलकी आली की बटण इकडे, जड आली की तिकडे. सगळे मन लावून करत, त्यात कुणाचा कामचुकारपणा नव्हता. पण मशीन मुळातच थोडं डुलतं. चार बऱ्या बाटल्यांत एखादी हलकी यायचीच, ती मशीन बिघडलं म्हणून येत नाही. तिला पाहून बटण फिरवलं की पुढची, जी आपसूक बरी आली असती, ती उगाच जड होते. मग तिला पाहून उलट फिरवा… आणि गिऱ्हाइकाकडे थप्पीतल्या खालच्या बाटल्या चेपतात आणि सकाळची पाळी रात्रीच्या पाळीच्या नावाने बोटं मोडते. थोडं डुलणं मशीनचं, बाकीचं आपल्या हातांचं. हे त्याने साहेबांना आकडे मांडून दाखवलं, आणि साहेब काही अडाणी नव्हते, त्यांना पटलंही. पण पटणं वेगळं आणि माल पाठवणं वेगळं. लाल रेषांच्या बाहेर ठिपका गेला तर मशीन थांबवून कारण शोधा, म्हणाले, तिथपर्यंत मी तुमच्यासोबत आहे. पण आजच्या मालाच्या बाटल्या चेपल्या, तर पुन्हा जुनी रीत, आणि तुम्ही हे आलेख-बिलेख सोडून सरळ तपासणीच्या टेबलावर बसायचं, बाटल्या उजेडात धरून बघत.

चालेल, तो म्हणाला होता. त्याला हल्ली काहीही चालत होतं. पण हे मात्र करून बघायचंच होतं, आणि का, ते त्याने साहेबांना सांगितलं नव्हतं.

मशीनच्या जबड्यातून वितळलेली नळी खाली उतरत होती, साचा मिटत होता, हवा फुंकत होता, उघडत होता. आणखी एक. आणखी एक. साचा एकदा मिटून पुन्हा मिटेपर्यंतच्या त्या क्षणभराच्या शांततेत ती यायची, त्याची गेलेली बायको. बोलावल्याशिवाय. दुखण्याच्या शेवटच्या दिवसांत उशाला तापमापक असायचा आणि घरातला प्रत्येक जण त्या पाऱ्यावर नाचायचा – उतरला की मुलगी हसायची, तिची मावशी शिरा ढवळायला घ्यायची, चढला की गोळी बदला, डॉक्टर बदला, खिडकी उघडा, खिडकी लावा… आणि ती उशीवरून डोळे न उघडता म्हणाली होती, "अहो, त्याच्याकडे काय बघता, माझ्याकडे बघा ना." मग त्याने तिच्याकडे बघितलं होतं. निदान शेवटचे काही दिवस तरी बघितलं होतं, पारा बाजूला ठेवून. तेवढं एक त्याच्यापाशी होतं, आणि ते तो कुणाला देणार नव्हता.

पण आता पारा त्याला लावला होता.

मुलगी रोज सकाळी फोन करायची. झोप लागली का, जेवलात का. एकदा तो खरं बोलून गेला की झोप नाही लागली, तर संध्याकाळी जावयाला घेऊन आली आणि पलंग फिरवून गेली. आता सूर्य सकाळी थेट डोळ्यांत घुसतो. जेवण जात नाही म्हटलं तर डबा सुरू झाला. डबा जड पडतो म्हटलं तर फिका डबा. घर खायला उठतं असं चुकून तोंडून गेलं, तर तिचे चुलत सासरे रोज संध्याकाळी पत्ते घेऊन हजर, आणि ते गृहस्थ हरले की रुसतात, म्हणून यालाच हरावं लागतं. एक वाईट दिवस, एक दुरुस्ती. दुसरा वाईट दिवस, दुसरी. आणि परवा ती अवचित आली तेव्हा तो तिच्या आईचं कपाट उघडून नुसता उभा होता. काही करत नव्हता. साड्यांच्या घड्यांकडे बघत उभा होता, एवढंच. त्यावरून ठरलं की कपाट जाणार. आज संध्याकाळी टेम्पो येणार. बाबा, तुमच्याच भल्यासाठी. काल फोनवर तो 'बघू' म्हणाला होता. 'बघू' हा शब्द त्या घरात होकाराच्या बाजूने मोजला जातो, हे माहीत असूनही.

नाही बघायचं. काय बघायचं त्यात? मी उभा होतो तर उभा होतो. माझी बायको गेली आहे. मी काय आठवडाभरात गुळगुळीत होऊन निघावं, साच्यातून पडल्यासारखं?

पुढची पाच. ठिपका आणखी खाली. रेषेला जवळजवळ चिकटलेला.

पैलवान काही बोलला नाही, आणि पैलवान बोलत नाही तेव्हा खात्यातल्या सगळ्यांना ऐकू जातं. पॅकिंगवाल्या बायकांच्या माना वळल्या. साहेब खाली उतरून आले, आलेखासमोर उभे राहिले, टाय सैल केली.

"आत आहे," तो म्हणाला.

"दिसतंय मला. थोडंसं फिरवलं तर काय बिघडेल? अगदी इवलंसं."

"आजचा दिवस बिघडेल. मग मशीन काय करत होतं आणि आपण काय केलं, ते कधीच कळायचं नाही."

"आणि माल चेपला तर?"

"तर मी टेबलावर बसतो. उजेड चांगला आहे तिथे."

साहेब हसले नाहीत, पण गेले. जाताना पैलवानाला म्हणाले, यांच्यावर लक्ष ठेव. पैलवान म्हणाला, ठेवतोय की, मशीनवरचं काढूनच घेतलंय ना.

आणि मग, साहेबांची पाठ वळल्यावर, ते झालं. त्याचा स्वतःचा हात. तो पुढच्या पाच बाटल्यांची वाट बघत होता आणि हात उठला, बटणापर्यंत गेला, बोटं बटणाच्या खाचांवर बसलीसुद्धा… तळहातात अशी खाज, जशी जखम भरताना येते. खाली जातंय. आपल्या डोळ्यांदेखत खाली जातंय आणि आपण नुसते उभे? माणसाने काहीतरी करायला नको? त्याने बोटं एकेक करून सोडवली, दुसऱ्याची सोडवावीत तशी. पैलवानाने पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

पाच बाटल्या. सरासरी. ठिपका वर आला – मधल्या रेषेच्या पार वर, कुणी काही केलं नव्हतं तरी. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण याच्या पुढचा पुन्हा खाली जाईल, हेही त्याला तेवढंच स्पष्ट दिसलं. मशीन सोडून दिलं म्हणजे सरळ रेषेत चालेल, असं नाही. ते डुलणारच. आजवर तोही मनात कुठेतरी धरून होता की मला माझ्यापाशी सोडा, मी होतो की नाही बरा बघा… बरा! कुणाला दाखवायला? वर येईल, खाली जाईल, पुन्हा कपाटासमोर उभा राहीन. ते माझं डुलणं आहे. दोन रेषांच्या मधलं. त्याचं कारण मला विचारू नका, आणि चांगल्या दिवशी पेढेही वाटू नका.

फोन थरथरला. मुलगी. टेम्पोवाला लवकर येतोय म्हणत होती, निघायला जमेल का.

"कपाट जाणार नाही," तो म्हणाला.

"बाबा, काल तर तुम्ही…"

"काल 'बघू' म्हटलं. आज बघितलं."

फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, आईसारखाच, नाकातून, रडू दाबताना यायचा तसा. मग ती हळूच म्हणाली, "मग मी काय करू? मला बसवत नाही हो नुसतं."

त्याच्या तळहातातली खाज अजून गेली नव्हती. तो हात पँटला पुसत राहिला. राग करायची त्याने तयारी केली होती, कित्येक दिवसांची. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. तिच्याही हाताला हेच होत असणार, रोज सकाळी, फोन उचलायच्या आधी. आई तिचीही गेली आहे.

"मलाही बसवत नाही," तो म्हणाला. "टेम्पोला नको सांग. तू ये."

"येऊन काय करू?"

समोर साचा मिटला, उघडला, एक बाटली पडली. पैलवान त्याच्याकडे बघत होता, दोन्ही हात खिशात. फोनवर ती थांबलेली होती. तोही थांबला होता, काही जुळवत नव्हता, काही निस्तरत नव्हता. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी न बोलता नुसतं थांबणं त्याला जड गेलं नाही.