बेडकाच्या मेंदूचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. एरवी ज्यांना वायर आणि दोरी यांतला फरक कळत नाही, अशांशी मैत्री करायची मला हौस नाही.

माझा जन्म एका रेडिओत झाला. बातम्या, गाणी, भाषणं, सगळ्यांना मी कंठ दिला. रेडिओ बिघडल्यावर त्याचं खोकं भंगारात गेलं आणि मी एका प्रयोगशाळेत आलो. प्राणी कसे वागतात आणि वागताना त्यांच्या मेंदूत काय चालतं, याचा तिथे अभ्यास चाले. प्राणी म्हणजे एक बेडूक. लठ्ठ, डोळे वटारून बसलेला. सगळे त्याला शेठ म्हणत.

शेठच्या अकलेविषयी काय सांगू! काळ्या पुठ्ठ्याची पट्टी त्याच्यासमोरून आडवी सरकवली की त्याला ती अळी वाटे. तो वळे, टक लावून बघे, जीभ फेके, गिळे आणि मग पुढच्या पायाने तोंड पुसे. ऐन वेळी पट्टी काढून घेतली तरी गिळणं आणि पुसणं चुकत नसे. तोंडात काही नाही, पण पुसणं साग्रसंगीत! तीच पट्टी उभी धरून सरकवली की हे महाशय ढिम्म.

फक्त अळी दिसली की जागी होणारी चेतापेशी शेठच्या मेंदूत कुठे आहे, हे प्रयोगशाळेचे सर शोधत होते. शेठला टबातून काढून टेबलावर ठेवायचं, केसाहून बारीक तार त्याच्या मेंदूत रोवायची, तिथला विजेचा इवलासा ठोका यंत्राने मोठा करायचा आणि मी तो ऐकवायचा.

एके दिवशी आडवी पट्टी आली आणि मी टक टक टक वाजलो. उभी आली तेव्हा गप्प राहिलो. "सापडली!" सर ओरडले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि चहा मागवला. पुढे रोज तेच. टक टक, "सापडली", चष्मा, चहा. बाहेरचे विद्वान आले, माझ्यापुढे कान देऊन उभे राहिले आणि माना डोलावून गेले. मला त्या सगळ्यांची कीव आली.

कारण आडवी पट्टी मोटरवर बसवलेली होती. उभी पट्टी मोटरच्या चिमट्यात बसत नसे, म्हणून सरांची विद्यार्थिनी ती हाताने फिरवी. मोटर सुरू झाली की तिच्या विजेचे ठोके तारेत शिरत आणि मी वाजे. मेंदूचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. माझ्यात जे येतं तेच मी बाहेर काढतो. ते कुठून आलं हे बघणं ज्यांना डोकं आहे त्यांचं काम.

"उद्या मेंदू काढून कापू," सर म्हणाले. "पेशीची जागा पक्की होईल."

शेठला काय त्याचं! तो तोंड पुसत होता. माझा मात्र संताप झाला. मूर्ख असला तरी एका मोटरपायी त्याने मरावं? ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला स्वतःचं बोलणं कुठून येणार?

विद्यार्थिनी चाचरत म्हणाली, "सर, आधी एकदा तपासून बघू या का?"

"अगं, तपासायचं काय त्यात? कान आहेत ना तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेठला टबातच राहू दिलं, तार मिठाच्या पाण्याच्या वाटीत सोडली आणि मोटर लावली. मी वाजलो. टक टक टक.

"ऐकलंस?" शेजारच्या खोलीतून सरांचा आवाज आला. "काय सुंदर बोलतेय पेशी!" ते चष्मा पुसतच आत आले.

"सर," ती म्हणाली, "शेठ टबात आहे."

सरांनी टब पाहिला, वाटी पाहिली, मग माझ्याकडे बोट केलं. "हा स्पीकरच बोगस आहे," म्हणाले आणि चहा मागवला.

शेठ वाचला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. शेवटी उपदेश करायचा असतो, तर घ्या: यंत्रांवर अधूनमधून फडकं फिरवत जा, आणि कुणी "सापडलं" म्हणून ओरडला तर टाळ्या वाजवण्याआधी बेडूक टेबलावर आहे का ते बघा.

आता दोन्ही पट्ट्या हातानेच फिरतात. नवा स्पीकर दिवसभर गप्प असतो. खाली शेठ काहीही न गिळता तोंड पुसतो, शेजारी सर काहीही न सापडता चष्मा पुसतात. शेठचा मेंदू निदान लहान तरी आहे.