शापित भूमी आणि बगरूचा काळा रंग

विद्याधर नगरातल्या त्या सभागृहाबाहेर रविवारी चपला काढायला जागा उरली नव्हती. बदली होऊन जयपुरात आलेले बँकेतले, विम्यातले मराठी साहेब हातात मातीच्या पुरचुंड्या घेऊन रांगेत उभे होते. जिथे घर घ्यायचं, तिथली मूठभर माती! ऑफिसात साधा रजेचा अर्ज तीनदा वाचून सही करणारी ही मंडळी भूमीनाथ महाराजांपुढे मात्र लोटांगण घालत होती. का? तर महाराज मराठी बोलत. परमुलखात ‘आपला माणूस’ भेटला की शिकल्यासवरल्यांचीही अक्कल चरायला जाते.

महाराज माती पिवळट फडक्यात बांधत आणि वर पुढ्यातल्या दोन तांब्यांपैकी एकातलं ‘तीर्थ’ ओतत. फडकं तसंच राहिलं तर भूमी प्रसन्न, काळं पडलं तर शापित. आणि गंमत पाहा, अख्ख्या जयपुरातली भूमी शापित निघे. प्रसन्न फक्त एकच, शहराबाहेर सीतापुऱ्याच्याही पलीकडे माळावर निघालेली स्वर्णभूमी कॉलनी!

मंजुषाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तिच्या लेकीला, संपदाला, दमा होता. म्हणून तिने दवाखान्याला लागून असलेला विद्याधर नगरातला फ्लॅट हेरला होता. गेल्या रविवारी तिथल्या मातीचं फडकं काळं पडलं आणि नवऱ्याने, राजनने, स्वर्णभूमीचा अर्ज भरला. तिथे दवाखाना नाही, बससुद्धा नाही. आज आशीर्वाद मिळाला की अर्ज जाणार होता.

मंजुषाने दोन पुरचुंड्या पुढे केल्या. “ही विद्याधर नगरची, ही स्वर्णभूमीची.”

महाराजांनी डोळे मिटले. “अरेरे, माते! या भूमीखाली आक्रोश आहे! सात पिढ्यांचा!”

डावीकडचा तांब्या कलला, पहिलं फडकं काळंकुट्ट झालं. उजवीकडचा कलला, दुसरं पिवळंच राहिलं.

“बघा, इथे साक्षात लक्ष्मी हसते आहे!”

“महाराज, दोन्ही माझ्या गॅलरीतल्या कुंडीतली माती आहे,” मंजुषा म्हणाली.

महाराज गरजले, “संशय घेतला की भूमी कोपते!”

“मग ह्याच्यात तर मातीच नाही, हे का कोपतं ते बघू.” तिने महाराजांपुढचं एक कोरं पिवळट फडकं उचललं आणि डावीकडचा तांब्या त्यावर उपडा केला. फडकं काळं पडलं. “मी इथून जवळच्या बगरू गावाला छापील साड्या घ्यायला जाते. तिथले छिपे, म्हणजे कापड छापणारे, कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात, ते असं पिवळट होतं. त्याला लोखंडाचा रंग लागला की काळं. गेल्या रविवारीच मी ओळखलं. फडकी हिरड्याची, या तांब्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, त्या तांब्यात नळाचं पाणी. ज्याची जागा नापास करायची, त्याला हा तांब्या!”

दारात अर्ज गोळा करणारा स्वर्णभूमीचा एजंट तेवढ्यात पसार झाला.

“पण अगं, आपला मराठी माणूस...” राजन पुटपुटला.

“फसवणाऱ्याची भाषा काय बघायची? माळावर संपदाला धाप लागली असती, तर हा तीर्थ घेऊन धावला असता का?”

राजनने मान खाली घातली आणि अर्ज टराटरा फाडला. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

घर घेताना माती हुंगू नका. त्या गल्लीत चार वेळा हिंडा. पाणी किती वेळ येतं ते बायकांना विचारा, दवाखाना आणि शाळा पायी चालत जाऊन बघा. हे सगळं सांगायला शेजारी पुरतात, आणि ते कुणाकडून मातीही मागत नाहीत.