उरायासूतला चिनी देव्हारा

मी एक लाकडी कपाट बोलतोय. देव्हारा म्हणालात तरी ओ देईन. नावावरून वाद घालायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका गावातला. एकेकाळी तिथली तरणी माणसं दूरच्या शहरांत कारखान्यांवर जायची आणि गावात म्हातारे नि लेकरं उरायची. मग कुणीतरी फोनवरून एक स्टूल विकलं. ते पाहून शेजाऱ्याने दोन विकली, आणि बघता बघता अख्खं गाव दुकानदार झालं. धान्य मळायच्या खळ्यावर कुरियरच्या गाड्या लागू लागल्या. चेन आजोबा तिथले जुने सुतार. त्यांचा मुलगा आणि सून श्यूलान शहर सोडून घरी परतले, तेव्हा आजोबांनी म्हणे दारात फटाके लावले होते.

पुढचं मी स्वतः पाहिलं. मुलगा फळ्या कापायचा. श्यूलान फोटो काढायची, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची आणि पाच तारे द्या म्हणून गयावया करायची. एका घरचा माल खपला की लगेच शेजारी हुबेहूब तोच काढून स्वस्तात विकणार. मग यांनी आणखी भाव पाडायचा, आणखी घाई करायची. आजोबा एका हाताने जेवायचे आणि दुसऱ्या हाताने पॉलिश मारायचे. "पोरं घरी आली खरी, पण घराचं गोदाम झालं," असं ते पुटपुटायचे. ऐकायला कुणाला वेळ नसायचा. माझी दारं बसवता बसवता ते दोनदा पेंगले. मी जन्मलोच दमलेला.

जपानमध्ये बऱ्याच घरांत, वारलेल्या माणसांच्या आठवणीसाठी, एक छोटं कपाट असतं. त्यात फोटो ठेवतात, उदबत्ती लावतात, घंटा वाजवतात. मी तसलं कपाट. जपानहून मागणी असायची, म्हणून आमची सगळी गल्ली हेच बनवायची. पण टोकियोजवळच्या उरायासूत राहणाऱ्या विद्याने फोनवर पाहिलं ते एवढंच : दोन दारं, आत पायरी, खाली खण. मोडक्या भाषांतरात लिहिलं होतं, 'घरची पूजा'. पुण्याहून देव्हारा आणायचा तर विमानात वजनाचा प्रश्न. तिने बोट टेकवलं आणि मी आलो. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण माझ्यात विराजमान झाले. मीही म्हटलं, बरं.

विद्याचा नवरा उदय टोकियोत एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मुलगी नेत्रा मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते. आणि उदयची आई, मीनाक्षीबाई, नवरा गेल्यावर पुण्याचं घर बंद करून इकडे आलेल्या. गुरुनाथराव अचानक गेले. उदय पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अग्नी चुलतभावाने दिला. तेव्हापासून वडिलांचा विषय निघाला की उदय पाणी प्यायला उठायचा. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायची बंदी, आणि जेवणाचं, अभ्यासाचं, इस्त्रीचं टेबल एकच. त्यामुळे गुरुनाथरावांचा फोटो मीनाक्षीबाईंच्या बॅगेत, साडीत गुंडाळलेला.

एकदा शेजारच्या मोरितासान, म्हणजे मोरिताबाई, संत्री घेऊन आल्या. मला पाहताच त्या गुडघ्यांवर बसल्या, हात जोडले आणि हळूच काहीतरी विचारलं. नेत्राने भाषांतर केलं, "आई, त्या विचारतायत, आपल्याकडे कोण वारलं?"

विद्याचा चेहरा उतरला. मीनाक्षीबाई मात्र खुर्चीतून पुढे सरकल्या. या देशात त्यांना हे विचारणारं पहिलंच माणूस. "सांग त्यांना, तुझे आजोबा गेले," त्या म्हणाल्या. "संत्री फार आवडायची ह्यांना." मोरितासाननी एक संत्रं माझ्यापुढे ठेवलं. मग बराच वेळ दोघी बोलत बसल्या, नेत्राला जमेल तेवढं.

रात्री विद्याने दुकानाला खरमरीत लिहिलं. श्यूलानचं उत्तर आलं, ते तिने मोठ्याने वाचलं : "क्षमा करा. परत पाठवू नका, ठेवून घ्या. सासऱ्यांनी हाताने बनवलंय. कृपया तारे कमी करू नका."

तारे तिने कमी केले नाहीत. बाई वाईट नाही हो. "पण आई, मेलेल्यांच्या कपाटात देव कसे ठेवू मी?" एवढंच म्हणाली.

"बरोबर आहे तुझं," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

देव पुस्तकांच्या फळीवर गेले आणि मी बाल्कनीत. सगळे बाहेर पडले की मीनाक्षीबाई यायच्या. पदराने मला आतून पुसायच्या, फोटो ठेवायच्या आणि स्टूल ओढून गप्पा मारायच्या. कचरा किती प्रकारांत वेगळा करावा लागतो, सुनेला ऑफिसचा किती ताण आहे, नात कशी उंच झाली. नेत्रा शाळेतून यायच्या आत फोटो परत बॅगेत. हे घर मुलाचं, आपण पाहुण्या, असं त्यांनी मनाशी पक्कं केलेलं. मला ठेवा, हे त्यांच्या तोंडून काही निघेना.

मग माझ्या दारावर मोठ्या कचऱ्याचं स्टिकर लागलं, म्हणजे आता पालिकेची गाडी येऊन मला उचलून नेणार. ठरलेल्या सकाळी उदयने मला उचललं. मीनाक्षीबाई दारात आडव्या उभ्या.

"खाली ठेव ते."

"आई, गाडी येईल आता."

"येऊ दे."

"त्यांना काय सांगू?"

"सांग, आमच्या घरचं माणूस गेलंय. त्याला ठेवायला जागा हवी."

उदयने मला टेकवलं. बूट काढायच्या पायरीवर बसला आणि बापासाठी पहिल्यांदा रडला. विद्या आतून आली. तिने माझी एक बाजू धरली आणि मीनाक्षीबाईंच्या खोलीकडे ओढायला लागली.

तिथेच मी आहे, आत गुरुनाथरावांचा फोटो. स्टिकर पुरतं निघालेलं नाही, एक दार कुरकुरतं. फार फिरलो, फार ओझी वाहिली. आता मला कुणी हलवू नये, एवढंच मागणं आहे. ऑफिसला निघताना उदय माझ्यासमोर जरा बसतो आणि गप्पच उठून जातो. काल मात्र बोलला.

"बाबा," म्हणाला, "मला यायला उशीर झाला."