सुझानचे दीड किलो

सालोमी टीचरनी शिंप्याची फीत सुझानच्या कमरेभोवती घेतली आणि टोके बेंबीजवळ जुळवली.

"श्वास सोड. पोट आत ओढू नकोस. मला फसवून तुला काय मिळणार?"

सुझान हसली, तसे पोट आपोआप सुटले. एकोणतीस इंच. तीन महिन्यांपूर्वी याच ओटीवर साडेएकतीस भरली होती.

मग ती वजनकाट्यावर चढली आणि हसू मावळले. साडेएकावन्न. रविवारच्या कबड्डी स्पर्धेत लहान मुलींच्या गटाला पन्नास किलोची मर्यादा होती, आणि आज गुरुवार होता.

"अडीच इंच गेले आणि वजन दीडच किलो उतरलं? काटा बिघडलाय, टीचर."

"काट्याला काही झालेलं नाही. एक किलो तांदूळ आणि एक किलो कुरमुरे. पिशवी कुणाची मोठी?"

"कुरमुऱ्यांची."

"पण काटा दोघांनाही किलोच म्हणतो. तुझी चरबी गेली, ते कुरमुरे. मांड्यांत, खांद्यांत ताकद भरली, ते तांदूळ. घरात तांदूळ वाढले म्हणून कुणी रडतं का?"

"मग पंचांना सांगा ना, कंबर मोजा म्हणून."

टीचरही हसल्या. तीन महिने पोरीने एकही जेवण चुकवले नव्हते. सकाळी दोन अंडी, दुपारी भाकरी, डाळ, मासळी. बेकरीची बिस्किटे बंद. रोज बैठका, विहिरीचे पाणी ओढणे आणि नऊ वाजता झोप. चेहऱ्यावर तकाकी आली होती. पूर्वी अर्ध्या मैदानात धापा टाकणारी सुझान आता सहा फेऱ्या मारून वर बडबड करी.

"या वेळी राहू दे. पुढच्या हंगामात मोठ्या गटात खेळ. तिथे तुझे तांदूळ कामाला येतील."

सुझानने केस सोडले, पुन्हा घट्ट बांधले आणि निघून गेली.

मैदानावर पोरींचा दम घुमू लागला की टीचर नकळत बोटांवर सेकंद मोजत. नऊ वर्षांपूर्वी सुझानची आत्या, मटिल्डा, चढाईहून परतताना मधल्या रेषेच्या अलीकडे पडली होती. दम तुटला तो 'कबड्डी'च्या अर्ध्यावर. उरलेला अर्धा शब्द टीचरना अजून ऐकू येई. कधी भांडी घासताना, कधी चर्चमधल्या मिस्सेत सगळे शांत बसलेले असताना.

तिचे वजन दोन किलो जास्त होते. टीचरनी तिला दोन स्वेटर घालून तीन दिवस उन्हात पळवले होते. तेव्हा सगळेच तसे करत. काट्याने मटिल्डाला पास केले तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर डॉक्टर म्हणाले, ऊन लागले. गाव म्हणाले, हृदय नाजूक असणार. टीचर काहीच म्हणाल्या नाहीत. मटिल्डाची आई उर्सुला दर वर्षी मुलीच्या स्मृतिदिनी टीचरना घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आणून देई. टीचर ती शाळेतल्या मुलांना वाटून टाकत.

शुक्रवारी दुपारी त्या बाजार घेऊन मैदानाच्या कडेने येत होत्या. मार्चचे ऊन तापले होते. केळीच्या बागांमध्ये पानसुद्धा हलत नव्हते. पलीकडे माडांच्या ओळीखालून लाल स्वेटर घातलेली एक मुलगी पळत होती. मटिल्डाचीच ती कोपरे बाहेर काढून पळायची तऱ्हा.

टीचरनी कुंपणाचा खांब धरला. डोळे मिटून उपयोग नसतो, हे त्यांना ठाऊक होते. मिटले की ती जास्तच जवळ येते. त्या बघत राहिल्या. मुलगी वळण घेऊन समोर आली, तेव्हा तिला सुझानचा चेहरा होता.

माडाखाली उर्सुला बसली होती. मांडीवर गजराचे घड्याळ.

"हे काय चाललंय, उर्सुलाबाय?"

"या, टीचर. दीड किलो म्हणजे काय मोठं नाय. रविवारपर्यंत उतरेल. काल रात्रीपासून पाणीपण बंद केलंय." आवाजात अभिमान होता. "तुमचं वय झालं, आता तुम्हाला पोरींची दया येते. पण तुमची रीत मी विसरले नाय. आमच्या मटिल्डाला असंच उतरवलं होतं ना तुम्ही?"

"सुझान, थांब. स्वेटर काढ."

सुझान थबकली. ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते. तिने आजीकडे पाहिले.

"धाव, बाय. दोनच फेऱ्या उरल्यात," उर्सुला म्हणाली. सुझान पुन्हा धावू लागली. "असं मध्ये तोडू नका, टीचर. मटिल्डाला देवाने नेलं. त्यात तिच्या मेहनतीचा काय दोष?"

टीचरनी पिशवी खाली ठेवली. सुझान लांबच्या टोकाला पोचली होती. तिची पावले आता सरळ पडत नव्हती.

"देवाने नाही नेलं. चरबी तीन दिवसांत जात नसते, उर्सुलाबाय. तिला महिने लागतात. मी मटिल्डाच्या अंगातलं पाणी काढलं होतं, आणि तसंच तिला खेळायला उतरवलं. तिनं पाणी मागितलं होतं. मी दिलं नाही."

उर्सुलाचा चेहरा हलला नाही. मांडीवरचे घड्याळ टिकटिकत राहिले. सुझान जवळ येईपर्यंत ती तशीच बसून होती. मग उठली.

"इकडे ये."

"अजून एक फेरी आहे ना, आजी?"

"इकडे ये म्हणते ना."

तान्ह्या पोराचे कपडे काढावेत तसा तिने सुझानचा स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, आणि दंड धरून तिला मैदानाच्या कोपऱ्यातल्या नळावर नेले. सुझान ओंजळ धरून प्यायला लागली.

"हळू. घोट घोट पी," टीचर मागून म्हणाल्या.

उर्सुला पाठमोरी उभी राहून ओल्या स्वेटरची घडी घालत होती. बाह्या आत, मग गळा. घडी झाली तरी ती वळली नाही.

"किती वेळा?"

टीचरनी पुढे होऊन नळ बारीक केला.

"किती वेळा मागितलं तिनं?"

सुझानने ओंजळ तशीच धरून दोघींकडे पाहिले. पाणी तिच्या मनगटांवरून वाहत होते.

"तीनदा," सालोमी टीचर म्हणाल्या.