राणीची अंघोळ

माझा मेहुणा पत्ते वाटायला बसला की मी भांडण विसरायचो. आणि मला भांडण विसरायला लावणं म्हणजे खायचं काम नाही, विचारा माझ्या बायकोला. गड्डी धरलेला हात अगदी खाली, टेबलाला टेकल्यासारखा. अंगठ्याने पत्ता जरासा पुढे सरकवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने नुसती टिचकी. पत्ता टेबलालगत सरसरत यायचा आणि बरोबर तुमच्या पुढ्यात थांबायचा. पत्त्याची पाठ तेवढी दिसायची, पोट सहसा नाही.

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर पोकर चालायचा. पैसेबिसे काही नाही. बायको शिवणकाम करते, तिच्या डब्यातली बटणं डावावर लावायची. खेळायला ती, मी, शेजारचे ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. मेहुणा फक्त वाटायचा. वाटताना पत्ता चुकून उताणा पडला की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "अंघोळ!" का, तर पत्त्याचे कपडे उतरले म्हणून! मग वाटणाऱ्याची यथेच्छ टिंगल करायची, डाव मोडायचा आणि पुन्हा पिसायचं. मेहुण्यावर ही वेळ क्वचितच यायची. आली की मी आठवडाभर पुरवून पुरवून त्याला छळायचो.

गेल्या वर्षी कामावर विजेच्या पॅनेलचा भडका उडाला आणि त्याचे डोळे गेले. इलेक्ट्रिशियन माणूस तो. तेव्हापासून आमच्याकडेच आहे, मागच्या खोलीत. जेवायला बाहेर यायचा की पुन्हा आत. रविवारी मी वाटायचो, म्हणजे पत्ते फेकायचो. आतून तो ऐकत असणार या विचाराने माझा हात आणखीच घसरायचा.

परवाच्या रविवारी तो भिंतीला हात लावत बाहेर आला आणि माझ्या खुर्चीपाशी उभा राहिला.

"दाजी, उठा. मी वाटतो. जमलं तर दर रविवारी वाटेन. नाही जमलं तर मला पुन्हा या टेबलावर बोलवायचं नाही."

"अरे, पण..." बायको म्हणाली.

"ताई, पण नाही अन् बिण नाही."

हा एकदा बोलला की तसंच करतो. घराणंच हट्टी, मी रोज भोगतोय.

बसल्यावर त्याने टेबलाच्या कडा चाचपल्या. "एकेकाने टेबलावर वाजवा," म्हणाला. आम्ही वाजवलं. प्रत्येक आवाजाकडे त्याने मान वळवली आणि पिसायला घेतलं. तोच जुना फर्रर आवाज! आणि मग काय सांगू? पत्ते निघाले ते थेट आमच्या बोटांपाशी येऊन थांबले. मास्तरांनी तर हात जोडले, मग ते त्याला दिसणार नाही हे लक्षात येऊन "वा, वा" म्हणाले. मध्ये सगळ्यांसाठी उघडे मांडायचे पत्ते मास्तर वाचून दाखवत होते. कुणी डाव सोडला, कुणाची पाळी आहे, हे तो नुसत्या पत्त्यांच्या आणि बटणांच्या आवाजावरून सांगत होता. मी आयुष्यात देवळातसुद्धा इतका गप्प बसलो नसेन.

पुढच्या डावाला मात्र पहिलाच पत्ता हवेत उलटला आणि माझ्यापुढे उताणा पडला. इस्पिकची राणी.

बायकोने टेबलाखाली माझा पाय दाबला. सिस्टर खिडकीकडे बघू लागल्या. मास्तरांनी हळूच हात लांबवून राणी पालथी केली.

त्याचा हात तिथेच थांबला. "काय झालं?"

"काही नाही रे," बायको म्हणाली. "छान वाटतोयस."

ते 'छान' आजाऱ्याला पेज भरवताना म्हणतात तसलं होतं. त्याने गड्डी टेबलावर ठेवली, चारी बाजूंनी नीट सारखी केली आणि खुर्ची मागे सरकवली. तो उठत होता. आता हा आत जाणार आणि पुन्हा कधी येणार नाही, हे मला लख्ख कळलं. आणि माझं टाळकंच सटकलं.

"अंघोळ!" मी असा ओरडलो की मास्तरांच्या हातातली बटणं सांडली. "अरे गाढवा, राणीला भर टेबलावर अंघोळ घातलीस! लाज नाही वाटत? हे वाटणं आहे का नुसतं फेकणं? यापेक्षा मी बरा वाटतो!"

"अहो!" बायको किंचाळली.

मेहुणा उभाच होता. मग त्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता. वर्षभरात पहिल्यांदा, पोट धरून, खोकला येईपर्यंत हसत होता.

"तुम्ही? बरे?" तो म्हणाला. "दाजी, तुम्ही वाटता तेव्हा मी आत कानांत बोटं घालून बसतो." तो खुर्ची ओढून खाली बसला. "आणा सगळे पत्ते इकडे. डाव मोडला. आणि दाजी, पुढच्या वेळी ओरडायला इतका वेळ लावू नका. जीव गेला होता माझा."

त्याने पुन्हा पिसलं, पुन्हा वाटलं. पत्ता सरसरत आला आणि माझ्या नखाला टेकून थांबला, पालथा. मी तो उचललाच नाही. डोळे भरून आले होते आणि पुसावेत तर ह्याला तेही ऐकू जायचं.

"दाजी, झोपलात का?" तो म्हणाला. "उचला पत्ता."

मी नाक ओढलं. ऐकलं तर ऐको.