दुसरा मोर

"काकू, जरा बाहेर या," प्रीतम दारातूनच हळू आवाजात म्हणाला. पुडी उघडून, ह्यांच्या डायवर दाबून आणलेले कानातले त्याने मला दाखवले. सोन्याच्या पातळ पत्र्याचे दोन मोर. "दोन्ही एकाच बाजूला बघतायत. जोडीत एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं पायजे ना? काकांची डायच चुकलीय."

"माहीत हाय मला," मी म्हणाले.

प्रीतम ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता बोईसरला कॉम्प्युटरच्या मशीनवर डाय काढतो. "मी मशीनवर दुसरी काढतो. उद्या जोडी बरोबर करून देतो. काकांना आता दिसत नाय, कुणी सांगायलाच नको."

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी पुडी त्याच्या हातातून घेतली. "राहू दे. मशीनचेच घालायचे असते तर पालघरच्या बाजारातून नसते आणले?"

आमच्या चिंचणीत एके काळी गल्लीगल्लीत डायमेकर होते. पोलादाच्या ठोकळ्यात दागिना उलटा, खोलगट कोरायचा. सोन्याचा पत्रा त्यावर दाबला की दागिना उठून येतो. ह्यांनी, म्हणजे आमच्या धर्माजींनी, चाळीस वर्षं तेच केलं. कुठल्या कुठल्या बायकांच्या कानांत ह्यांची फुलं गेली, आणि माझ्या कानांत कडुलिंबाच्या काड्या. मी टोमणे मारायचे, हे हसायचे. ते टोमणे मारले नसते तर बरं झालं असतं, असं आता रोज वाटतं.

गेल्या वर्षी पालघरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा, म्हणाले. बसमधून नाक्यावर उतरल्यावर हे म्हणाले, "प्रेमला, तुझ्या कानात एकदा माझ्या हातचं बघायचं हाय. नजर हाय तवर."

दुसऱ्याच दिवशी बोईसरला जाऊन पोलादाचे दोन ठोकळे आणि नवं भिंग घेऊन आले. सोन्यासाठी मी आईची अंगठी काढून दिली. सकाळी आठ ते अकरा खिडकीपाशी बसायचे आणि मी शेजारी दिवा धरायची. डोळे जपा, डोळे जपा म्हणून मी किती डोकं फोडलं. ऐकतील तर शपथ.

पहिला मोर असा उतरला की पिसाऱ्याची रेघ न रेघ मोजावी. मग दिवाळीनंतर नजर एकदम खालावली. दुसरा मोर पहिल्याच्या उलट्या तोंडाचा कोरायचा होता. ह्यांनी पहिला ठोकळा समोर ठेवला आणि बोटांनी चाचपत तसाच्या तसा उतरवला. शिकाऊ पोरं पहिल्या महिन्यात करतात ती चूक. चौथ्या दिवशी चोच उमटली, तीही पहिल्या मोराच्याच बाजूला. सांगितलं असतं तर नवा ठोकळा, पुन्हा पहिल्यापासून सगळं. तेवढी नजर उरली कुठे होती? मी दिवा धरून बसून राहिले. डाय पुरी झाली तेव्हा ह्यांना खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळत होतं.

प्रीतमकडून दोन्ही डाय परत घेतल्या, त्याला वाटेला लावलं आणि मी आत आले. कानातले घातले आणि खाटेवर ह्यांच्याजवळ बसले.

"घातलेस? कसे दिसतात?"

"चांगले दिसतात."

हात चाचपडत माझ्या गालापर्यंत आला. उजव्या कानावर ह्यांनी अंगठा फिरवला, मग डाव्या कानावर. मग पुन्हा उजव्या. त्या अंगठ्याला मी काय फसवणार होते? हात खाली गेला.

"तुला कधी कळलं?"

"चोच उमटली तवा."

"बोलली नायस."

"कसं बोलू ओ? तुमीच सांगा."

हे खाटेवर सरसावून बसले आणि म्हणाले, "दुसरी डाय आण. छिन्नी-हातोडी पण."

माझ्या लगेच लक्षात आलं. चुकलेली डाय ह्यांनी कधी दाराबाहेर जाऊ दिली नाही. तिच्या तोंडावर आडवा घाव घालून ती बाद करायची, ही ह्यांची रीत.

"असू दे ना. घरातच राहील."

"चुकलेली हाय ती. उद्या कुणाच्या हातात पडली तर? माझ्या नावाची म्हणतील."

मी ठोकळा आणून पुढ्यात ठेवला. छिन्नीचं टोक ह्यांना जागेवर टेकवता येईना. ते ठोकळ्यावरून सारखं घसरत होतं, आणि हे पुन्हा पुन्हा चाचपत होते. मला ते बघवेना. शेवटी ह्यांच्या हातातून छिन्नी मी घेतली, मोराच्या मानेवर टेकवली आणि घट्ट धरली.

डाव्या हाताने ह्यांनी माझी मूठ चाचपली. "बरोबर हाय जागा?"

"बरोबर हाय. मारा."

पहिल्या घावाला नुसता ओरखडा उठला. तिसऱ्या घावाला रेघ पडली. मी ह्यांचा अंगठा धरून तिच्यावरून फिरवला.