दुधीच्या पोटातलं विष

"निघालं! निघालं!" घाटकोपरच्या त्या सोसायटी हॉलमध्ये एकच गलका झाला. टबातलं पाणी चहासारखं तांबूस झालं होतं आणि त्यात पाय सोडून बसल्या होत्या रत्नप्रभाबाई, डायबेटिसच्या जुन्या पेशंट.

"ही तुमच्या गोळ्या-इंजेक्शनांची घाण, आई!" पायांतून विष ओढणाऱ्या त्या यंत्राचे मालक नंदकिशोरजी गरजले. "कंपन्यांचा कट आहे. डॉक्टर सांगेल कशाला? त्याचं दुकान बंद होईल!"

"विष इला गो भायर!" रत्नप्रभाबाई लेकीकडे बघून हरखल्या. महिनाभर त्यांनी इन्सुलिन बंद केलं होतं आणि पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चालली होती. लेक नीलम शाळेत विज्ञान शिकवायची, पण घरी तिचं ऐकतंय कोण? आज आईचं खूळ उतरवायचंच, म्हणून ती पिशवीत दुधी घेऊन आली होती.

तिने टबात ताजं पाणी भरलं, नंदकिशोरजींचंच मीठ टाकलं, दुधी बुडवला आणि बटण दाबलं. थोड्या वेळात पाणी तस्संच तांबूस!

"हा दुधी कुठली गोळी घेत होता हो?" नीलमने विचारलं. "टबात लोखंडाच्या दोन कांड्या आहेत. खारं पाणी, वर करंट. लोखंड गंजतंय, बाकी काही नाही!"

नंदकिशोरजींनी टबातला दुधी उचलून सगळ्यांसमोर धरला.

"बघितलंत? भाजीतसुद्धा विष घातलंय त्यांनी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सेक्रेटरी शरच्चंद्र काका नीलमवर डाफरले, "तुला कंपनी काय देते गं?" दुसऱ्या दिवशी बायका मेथी-कोबी घेऊन रांगेत उभ्या! आपण उल्लू बनलो हे कबूल करायला जीव जातो. सगळं जग कट करतंय म्हटलं की आपण एकटे शहाणे ठरतो, तेही फुकटात.

गणपतीच्या आत नंदकिशोरजींनी यंत्रासकट काढता पाय घेतला. रत्नप्रभाबाईंचा पाय डॉक्टरांनी काढला, घोट्याच्या वरून.

"आई, आता तरी पटलं ना?" वॉर्डात नीलम रडत म्हणाली.

"तुझ्या डॉक्टरान कधी माझ्या पायाक हात लावल्यान?" म्हातारी फणकारली. "नंदकिशोरजीनी माझो पाय मांडयेर घेवन पुसल्यानी. दुसरो पाय तरी तेंच्याकडे नेशील मां?"

तेव्हा मंडळी, कुणी तुमच्या अंगातलं विष पाण्यात दाखवलं, तर आधी पाय बाहेर काढा आणि तोच टब नुसत्या खाऱ्या पाण्यावर चालवून बघा. टबातून काढलेला पाय पुन्हा बुडवता येतो. डॉक्टरांनी काढलेला येत नाही.